चिंतेला संध्याकाळी सहाची वेळ

“डोक्यातले विचार थांबतच नाहीत, काय करू?” हा प्रश्न घेऊन बावीस वर्षांची एक मुलगी आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) अंथरुणाला पाठ टेकली की ‘नापास झाले तर?’ सुरू, ते रात्री दोनपर्यंत. दिवसा मरगळ. बॅडमिंटन सुटलेलं.

जिवाचं बरंवाईट करून घ्यावंसं वाटतं का, हे आधी सरळ विचारलं. विचारल्याने तसलं काही डोक्यात भरत नाही. उत्तर ‘हो’ असतं किंवा खाणंपिणं, रोजची कामं कोलमडली असती, तर पुढे सांगितलेला वहीचा उपाय बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञ.

ती विचार हुसकायला बघत होती. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांच्या 1987 च्या प्रयोगात ‘पांढरं अस्वल मनात आणू नका’ म्हटल्यावरही लोकांच्या मनात ते येतच राहिलं. म्हणून हुसकायचं नाही, पुढे ढकलायचं. रोज संध्याकाळी 6 वाजता, ठरलेल्या खुर्चीत, 20 मिनिटं, वहीत लिहून. एरवी चिंता आली की दोन शब्द टिपायचे आणि हातातल्या कामाकडे वळायचं. सहाला प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न: यावर आज माझ्या हातात काही आहे? असेल तर पुढचं एक काम आणि वार लिहायचा. नसेल तर फुली.

पहिला आठवडा फसला. तिने हे रात्री साडेदहाला, अंथरुणात, मोबाइलवर केलं. म्हणजे अंथरूण आणि चिंता यांची गाठ आणखी घट्ट. शिवाय फुलीच्या ओळींना ती उत्तरं शोधत बसली. ‘पुन्हा परीक्षेला बसेन’ लिहिलं की लगेच खाली ‘तेव्हाही नाही जमलं तर?’ बहुतेक जण इथेच अडकतात. फुली म्हणजे प्रश्न अनुत्तरितच ठेवायचा, स्वतःची समजूतही काढायची नाही.

उदासीचं गणित वेगळं. ‘मन लागलं की खेळेन’ हा क्रमच उलटा. आधी खेळ, मन मागून येतं, तेही सावकाश. दहाच मिनिटं खेळायचं, पण जाण्याआधी किती बरं वाटेल याचा दहापैकी अंदाज लिहायचा आणि आल्यावर प्रत्यक्षातला आकडा. वहीत होतं: अंदाज 1, प्रत्यक्षात 4. चार म्हणजे काही आनंदीआनंद नव्हे. पण मनाचा अंदाज चुकतो, हे तिच्याच अक्षरात समोर होतं.

पाचव्या आठवड्यातही ‘नापास’ वहीत होतंच, पुढे फुली. सात मिनिटांत लिहून संपतं, उरलेल्या तेरा मिनिटांचं काय करू, असं तिने विचारलं. वही मिटायची आणि उठायचं.