पूर येऊन गेल्यावर इशारे लोकांच्या उपयोगी पडले की नाही, हे तपासायची आखणी कधी आणि कशी करावी?

पावसाळ्याआधी. पूर ओसरल्यावर ठरवायला बसलात तर हाती फक्त 'इतके मेसेज पाठवले' हा आकडा उरतो, आणि त्यावरून काहीच कळत नाही.

आमच्या वडोदऱ्याचंच घ्या. विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी काळाघोडा पुलाशी २६ फूट. ऑगस्ट २०२४ मध्ये पाणी ३५ फुटांच्या वर गेलं. फुटांचे आकडे सगळ्यांच्या फोनवर येत होते. पण आमच्या शेजारच्या काकू विचारत होत्या, "३० फूट म्हणजे आपल्या जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत?" तपासायचं ते हेच: इशारा पोचला का, कळला का, आणि गाडी उंचावर न्यायला, म्हाताऱ्या माणसांना हलवायला वेळ उरला का.

प्रश्नावली आधीच तयार ठेवा, मराठी, गुजराती, हिंदी तिन्हींत. पाणी उतरल्यावर दोन आठवड्यांत घरोघरी जा. नंतर आठवणी एकमेकांत मिसळतात. "मेसेज मिळाला का?" असं विचारू नका, लोक हो म्हणून मोकळे होतात. "पहिल्यांदा कुणाकडून कळलं, किती वाजता, मग काय केलंत?" असं विचारा. इशारा सुटल्याची वेळ शेजारी लिहा. आणि स्मार्टफोन नसलेली घरं यादीतून मुळीच गाळू नका.