माझा रक्तगट ओ पॉझिटिव्ह आहे. पोळी आणि दूध बंद करावं का?

रक्तगटासाठी म्हणून तर अजिबात नको.

रक्तगटानुसार खाण्याचं हे खूळ पीटर डी'अ‍ॅडमो या अमेरिकन निसर्गोपचारतज्ज्ञाच्या 1996 च्या पुस्तकामुळे पसरलं. ओ गटाने मांस खावं, गहू-दूध टाळावं; ए गटाने शाकाहारी राहावं, असं त्यात आहे. टोरांटो विद्यापीठाने 2014 मध्ये सुमारे दीड हजार लोकांची माहिती घेऊन हे पडताळलं. ए गटाच्या आहाराशी जुळणारं खाणाऱ्यांचं वजन आणि रक्तदाब चांगले दिसले, पण त्यांचा रक्तगट कुठलाही असला तरी! भाज्या-फळं वाढली की फरक पडणारच.

माझ्या मावशीने असाच तक्ता फ्रिजवर चिकटवला होता. पोळी गेली, दूध गेलं, मसूर-राजमाही गेले. शाकाहारी बाईच्या ताटात मग उरतं काय? दोन महिन्यांत जिना चढताना तिला धाप लागायला लागली, तेव्हा आम्ही तो तक्ता फाडला.

रक्तगटाचा तब्येतीशी थोडा संबंध आहे, नाही असं नाही. ओ सोडून इतर गटांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका किंचित जास्त असतो. पण रक्तगटाला खरं महत्त्व रक्त चढवताना. 1952 मध्ये डॉ. भेंडे यांनी मुंबईत शोधलेला 'बॉम्बे' गट साध्या तपासणीत ओ वाटतो, आणि त्या माणसाला ओ रक्तही चालत नाही.

दूध प्यायल्यावर पोट फुगतं किंवा पोळीने त्रास होतो का? मग डॉक्टरांना विचारून लॅक्टोजची (दुधातली साखर पचते का याची) आणि गव्हामुळे आतड्याला इजा करणाऱ्या सिलिअ‍ॅकची तपासणी करून घ्या. सिलिअ‍ॅकच्या तपासणीआधी मात्र गहू सोडू नका, रिपोर्ट चुकू शकतो.