डिसेंबर सीझनला पाच दिवस चेन्नईला जातोय, बजेट कमी आहे, कोणत्या सभेचं सीझन तिकीट घेऊ?

कुठल्याच सभेचं घेऊ नका. (इतरांसाठी: डिसेंबर सीझन म्हणजे चेन्नईतला कर्नाटकी संगीताचा महोत्सव, आणि सभा म्हणजे तो आपापल्या हॉलमधे भरवणाऱ्या संस्था.)

सीझन तिकीट हे चेन्नईत राहणाऱ्या माणसासाठी असतं, ज्याला रोज संध्याकाळी त्याच हॉलमधे त्याच खुर्चीत जाऊन बसायचंय आणि शेजारच्या खुर्चीतल्या माणसाशी गेल्या वर्षीचं भांडण पुढे चालू ठेवायचंय. तुम्ही पाच दिवसांसाठी जाणार, म्हणजे अख्ख्या महोत्सवाचे पैसे भरून त्यातले पाचच दिवस वापरणार आणि वर एकाच सभेला बांधले जाणार. एवढं गणित तुम्हालाही जमलं असतं. पण प्रश्नाच्या खाली तुम्ही जे लिहिलंयत ना, "फुकटच्या कचेऱ्यांना दर्जा नसतो असं ऐकलंय", (कचेरी म्हणजे तिकडची मैफल) त्या वाक्यामुळे मी एवढं टाइप करायला बसलेय. कारण हेच वाक्य मी आमच्या घरात प्रत्येक मुंजीला, बारशाला आणि लग्नाला ऐकत आलेय.

म्हणणारे आमचे भावजी, मिस्टरांचे धाकटे भाऊ. पुण्यात असतात, तबला शिकलेत, सवाई गंधर्व चुकवत नाहीत, आणि आमच्या घराण्यात कान फक्त त्यांनाच आहेत असं त्यांचं स्वतःचं ठाम मत आहे. आम्ही सोलापूरचे. चेन्नई मेल मुंबई-पुणे करत आमच्या स्टेशनातूनच पुढे वाडी-गुंतकलकडे जाते, त्यामुळे एका वर्षी ठरलं की भावजी आणि जाऊबाई पुण्याहून बसतील, आम्ही दोघं सोलापूरला चढू आणि सगळे मिळून सीझन ऐकून येऊ. भावजी गाडीत लॅपटॉप उघडूनच बसले होते. रोज चार सभा, कुठल्या रंगाच्या चौकटीत कोण गाणार, कुठून किती वाजता निघायचं, सगळं एक्सेलमधे. पुढच्या रांगांची तिकिटं आधीच काढलेली. मिस्टर कौतुकाने बघत होते, त्यांना काय, ते हॉलमधे एसी असला की झोपतात.

तर एका दुपारी भावजींचं असं होतं की चारची कचेरी टी नगरला ऐकायची, तिथून मधेच उठून मैलापूरला, म्हणजे शहराच्या दुसऱ्या भागात, यायचं आणि दुसऱ्या सभेत मोठ्या गायकाला ऐकायचं. आम्ही दोघी जावा म्हणालो, आम्ही नाही येत, आम्ही मैलापूरलाच बसतो. जिथे बसलो तो हॉल लहान, माणसं मोजकी, बहुतेक पांढऱ्या केसांची, दोघा-तिघांच्या मांडीवर कृतींची, म्हणजे तिकडच्या बंदिशींची, पुस्तकं उघडलेली. तिकीट नाही, दारावर कुणी विचारलंसुद्धा नाही. गाणारी पोरगी कॉलेजातली वाटत होती, व्हायोलिनवर तिच्याहून लहान मुलगा आणि मृदंगावर मात्र एक मुरलेले गृहस्थ. पहिल्यांदा वर्णम, म्हणजे सुरुवातीची रचना, झालं, एक-दोन कृती झाल्या, मी आपली बसले होते, छान चाललंय म्हणून. मग तिने पुढचा राग घेतला आणि दोन-तीन स्वरांतच जाऊबाईंनी मला चिमटा काढला, "अहो हा आपला मालकंस!" तो त्यांचा हिंदोलम. दुपारी तीनला मालकंस, भावजी असते तर उठून गेले असते. (तिकडे वेळेचं बंधन आपल्यासारखं पाळत नाहीत, त्याचा त्रास करून घेऊ नका.)

माझ्या शेजारी एक आजोबा होते. मी हाताने ताल शोधतेय आणि चुकतेय हे त्यांनी पाहिलं असणार. काही बोलले नाहीत, फक्त आपला हात माझ्या बाजूच्या हातावर आणला, खुर्चीच्या हातावर म्हणतेय मी, आणि मला दिसेल असं मोजायला लागले. एक टाळी, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट, मग टाळी आणि हात उलटा, पुन्हा टाळी आणि हात उलटा. आठ मात्रा, आदि ताल. हे त्यांनी पूर्ण कृतीभर केलं. पुढच्या कृतीला माझा हात आपोआप चालायला लागला तेव्हा त्यांनी स्वतःचा हात मांडीवर घेतला. मग मुख्य राग, कल्याणी, म्हणजे आपल्या यमनाच्या घरचा, आलापना, नेरवल (एकच ओळ फिरवून फिरवून गाणं), कल्पनास्वर (आयत्या वेळी रचलेली सरगम), आणि त्यानंतर तनि आवर्तनम, जिथे बाकी सगळे थांबतात आणि मृदंगवाला एकटा वाजवतो. इथे निम्मा हॉल उठून कॉफीला जातो ही तिकडची जुनी खोड आहे. आम्हीही उठणार होतो तर आजोबा इंग्रजीत एवढंच म्हणाले, "सिट." बसलो. त्या मुरलेल्या गृहस्थांनी जे वाजवलं ते कळलं असं मी म्हणणार नाही, पण हात ताल धरून होता म्हणून ते कुठून निघाले आणि कुठे येऊन समेवर पडले ते अंगाला कळत होतं. शेवटी त्या पोरीने तुकारामांचा अभंग म्हटला. तिकडे शेवटच्या हलक्या भागात अभंग बऱ्याचदा होतात. तिचा 'ळ' माझ्या नातवंडांपेक्षा स्वच्छ होता.

आणि भावजी? ते त्या वेळात रिक्षात होते. टी नगरची कचेरी रंगात यायच्या आत उठले, ट्रॅफिकमधे अडकले, मैलापूरच्या सभेत पोचले तर गाणं चालू असताना आत सोडेनात, सोडलं तेव्हा तनि सुरू होत होतं आणि दारातून कॉफीला जाणारी गर्दी अंगावर येत होती. पुढच्या रांगेचं तिकीट खिशात घेऊन हे उलट्या दिशेने खुर्ची शोधतायत. रात्री जेवताना म्हणाले, आज दोन दिग्गज ऐकले. मी विचारलं, दुसऱ्याने मुख्य राग कुठला घेतला? गप्प. मग म्हणाले, "वहिनी, तिकिटाच्या गाण्यात आणि फुकटच्या गाण्यात फरक असतोच शेवटी." तेव्हापासून मी आमच्याकडे 'फुकट मैफिलींच्या रसिक वहिनी' आहे.

तर भावजी, आपलं, प्रश्नकर्ते, ऐका. कर्नाटकी कचेरीची जी आजची बांधणी आहे, वर्णमने सुरुवात, मधे चढत जाणाऱ्या कृती, मुख्य राग, तनि आणि मग हलकं, ती अरियकुडी रामानुज अय्यंगार (1890-1967) यांनी रुळवली असं मानतात. अख्खी कचेरी एकाच चढणीवर रचलेली असते. मधूनच शिरलात आणि मधूनच उठलात तर तुम्ही कलाकार पाहिला, कचेरी ऐकली नाही. म्हणून दिवसाला दोन, फार तर तीन, आणि पूर्ण. शहरभर सभा आहेत म्हणून शहरभर फिरलंच पाहिजे असं कुणी सांगितलंय?

दुपारच्या फुकटच्या कचेऱ्यांत गातं कोण, तुमच्या शंकेच्या मुळाशी खरा प्रश्न हा. तर तिथे उतरंड असते. दुपारी नवीन मुलं, चारच्या सुमाराला मधल्या फळीतले, संध्याकाळी ज्येष्ठ. आज संध्याकाळी ज्यांच्या तिकिटासाठी रांग लागते तेही बहुतेक दुपारच्या त्याच जागेवरून वर गेलेत. दुपारच्या मुलांना मानधन नावापुरतं, म्हणजे ती पैशासाठी गात नाहीत, कुणीतरी वरच्या वेळेसाठी आपल्याला ऐकावं म्हणून जीव तोडून गातात. संध्याकाळी ज्येष्ठ लोक कधीकधी सीझनमधली कितवी तरी कचेरी उरकत असतात, घसा बसलेला असतो, हेही ऐकलंय मी, तिकीट काढून.

1928 साली सुरू झालेल्या म्युझिक अकॅडमीतसुद्धा दुपारच्या कचेऱ्यांना तिकीट नसतं, आणि तिथे सकाळी लेक-डेम (लेक्चर-डेमॉन्स्ट्रेशन) असतात, जाणकार लोक इंग्रजीत बोलून, गाऊन दाखवतात, तेही फुकट. नवख्या माणसाने दिवस तिथून सुरू करावा. मैलापूरच्या भारतीय विद्या भवनात तर संध्याकाळच्याही कित्येक कचेऱ्या विनातिकीट असतात. रोजचा कार्यक्रम 'द हिंदू'मधे येतो, तो बघून आदल्या रात्री ठरवा, एक्सेल करू नका.

राहायचं मैलापूरच्या आसपासच, ते महाग वाटलं तर ट्रिप्लिकेनला एकट्या पुरुषांसाठीचे जुने लॉज आहेत, त्यांना तिकडे मॅन्शन म्हणतात, तिथून मैलापूरच्या तिरुमयिलै स्टेशनला लोकल आहे. अकॅडमी आणि नारद गान सभा एकाच टीटीके रोडवर आहेत. तुमच्याबरोबर कुणी बाई असेल तर साध्या बसमधे बायकांना 2021 पासून तिकीट नाही, तेवढीच बचत. खरी खिशाला कात्री लागते ती सभांच्या कँटीनमधे, केळीच्या पानावरचं जेवण झकास असतं पण रोज परवडणारं नाही, एकदा जेवा आणि बाकी दिवस बाहेर साधी इडली खा. कॉफी मात्र आतलीच.

मोठं नाव ऐकायचंच असेल तर पाच दिवसांत एक संध्याकाळ तिकिटावर खर्च करा, आणि बाल्कनीचं काढा. बऱ्याच सभांत त्या दिवशीची तिकिटं काउंटरवर मिळतात, सकाळी लवकर रांगेत उभं राहायचं. पुढच्या रांगेत मृदंगाचा स्पीकर तुमच्या छातीवर असतो, वर आवाज मिसळून येतो. हेही भावजींना पटत नाही.

आता एवढं सगळं सांगून झाल्यावर हेही सांगायला हवं की दुपारची प्रत्येक कचेरी ऐकण्यासारखी नसते. काही अगदीच कच्च्या असतात, ओळखीवर आणि देणगीवर स्टेज मिळाल्याची कुजबुज तिथेही चालते, आणि काही लहान हॉलचे माइक म्हणजे शिक्षा. दोन कृतींत काही घडलं नाही तर शांतपणे उठा, टाळ्यांच्या वेळात, फुकट असण्याचा हा फायदाच आहे. मॅन्शनमधे मी स्वतः राहिलेली नाही, तिथल्या स्वच्छतेबद्दल मला विचारू नका. आणि तुम्ही कर्नाटकी संगीत आधी अजिबात ऐकलं नसेल तर जायच्या आधी मोहनम, म्हणजे आपला भूप, कल्याणी आणि हिंदोलम एवढे तरी यूट्यूबवर ऐकून जा.

डिसेंबरात तिकडे पाऊस असू शकतो, ईशान्य मोसमी पावसाचे ते दिवस, छत्री न्या. शाल पण न्या, एसी फार. परतीचं रिझर्वेशन जातानाच करा, जानेवारीत पोंगलच्या आसपास निघणार असाल तर आणखीनच आधी.