आजीने चित्र ‘भेट’ दिलं होतं?

प्रश्न : माझी आजी व्हिएन्नाची ज्यू. 1938 मध्ये नाझींनी घरातली चित्रं जप्त केली, ती जीव वाचवून मुंबईला आली आणि इथलीच झाली. त्यातलं एक चित्र व्हिएन्नाच्या सरकारी संग्रहालयात आहे. ते म्हणतात, 1948 मध्ये आजीनेच भेट दिलं, सहीचं पत्र आहे. आमचा हक्क संपला का? इथे दावा लावता येईल? (एक वाचक, पुणे)

उत्तर : सही खरी असली तरी स्वखुशी सिद्ध होत नाही. युद्धानंतर ऑस्ट्रियाने अनेक ज्यू कुटुंबांना चित्रं कागदोपत्री परत केली, पण ती देशाबाहेर न्यायला परवाना लागे. तो हवा तर त्यातली चांगली चित्रं संग्रहालयाला द्या, असा सौदा चाले. अशा ‘भेटी’ परत करण्याची तरतूद 1998 च्या ऑस्ट्रियन कलावस्तू-परतफेड कायद्यात पहिल्याच कलमात आहे. म्हणून आजीने त्याच सुमारास निर्यात परवाना मागितला होता का, हे तिथल्या स्मारक संरक्षण कार्यालयाच्या दप्तरात शोधा. परवाना आणि भेटपत्राच्या तारखा लागोपाठ निघाल्या तर बाजू भक्कम. शिवाय 5000 राइशमार्कांवर (तेव्हाचं जर्मन चलन) मालमत्ता असलेल्या ज्यूंकडून 1938 मध्ये सक्तीने विवरणपत्रं भरून घेतली होती. ती ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, त्यात या चित्राची नोंद आहे का तेही पाहा. तोवर संग्रहालयाला लिहिताना ‘आजीने दिलेलं चित्र’ असं चुकूनही लिहू नका.

इथल्या दाव्याचा नाद सोडा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 86 नुसार परकीय राष्ट्रावर दावा लावायला केंद्र सरकारची लेखी संमती लागते. अमेरिकेचं म्हणाल, तर व्हिएन्नाहून तिथे गेलेल्या ज्यू वारस मारिया आल्टमान यांना 2004 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने ऑस्ट्रियावर दावा चालवायची मुभा तेवढी दिली. ऑस्ट्रियन चित्रकार क्लिम्टची पाच चित्रं मिळाली ती 2006 मध्ये, ऑस्ट्रियातल्या लवादाकडून. त्यात 2021 मध्ये त्याच कोर्टाने एका जर्मन प्रकरणात ठरवलं, की सरकारने स्वतःच्याच नागरिकांची मालमत्ता घेतली असेल तर ही वाट खुली नाही. तुमची आजी तेव्हा तिथलीच नागरिक धरली गेली, तर हाच आक्षेप तुमच्यावर येऊ शकतो.

तेव्हा अर्ज व्हिएन्नातच करा. मालकी-इतिहास संशोधन आयोग कागद तपासतो, सल्लागार मंडळ शिफारस करतं, निर्णय मंत्र्यांचा. हा कायदा तुम्हाला कोर्टात बजावता येईल असा हक्क देत नाही, त्यामुळे पहिलाच अर्ज पुरा हवा. आजीचं मृत्युपत्र नसेल तर 1827 च्या मुंबई रेग्युलेशनखाली (वारस दाखल्याचा जुना कायदा) दिवाणी कोर्टातून वारस दाखला काढा आणि त्याचं जर्मन भाषांतर जोडा. आत्या-काकांची मुलं परदेशात असली तरी त्यांची नावं त्यात घाला. एखादा वारस राहिला, तर मंडळाने होकार देऊनही चित्र नेमकं कुणाच्या ताब्यात द्यायचं यावर गाडं अडेल.