ताई, रायगडावर हात जोडले गेले, पण घरी देवघरापुढे उभं राहवत नाही

प्रिय 'थकलेली, पुणे',

तुझं पत्र मोठं आहे, सगळं इथे देत नाही, वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. बाबा आयसीयूत असताना तू तुळजापूरच्या भवानीला नवस बोललीस आणि बाबा तिथून घरी आलेच नाहीत. तेव्हापासून दीड वर्ष तू देवापुढे दिवा लावलेला नाहीस. डिसेंबरात मैत्रिणीने ओढून राजगड-तोरणा-रायगड रेंज ट्रेकला नेलं, तिथे तू पार कोलमडलीस, ग्रुपने सांभाळून नेलं, आणि शेवटी रायगडावर जगदीश्वराच्या देवळात तुझे हात आपोआप जोडले गेले आणि तू हमसून हमसून रडलीस. आता नवरा म्हणतो ते सगळं एन्डॉर्फिन, आई म्हणते देवीनेच परत आणलं, आता तुळजापूरला जाऊन ओटी भर. आणि तू विचारतेस, ताई ती खरंच श्रद्धा होती का नुसता थकवा?

अगं, ते आज ठरवायलाच पाहिजे असं कोणी सांगितलं? नवरा म्हणतो ते खोटं नाही, चार दिवस डोंगर तुडवल्यावर शरीरात बरंच काही होतं आणि माणूस इतका दमतो की रडू आवरून धरायचीही ताकद उरत नाही. पण रडू कशामुळे आलं एवढं कळलं म्हणजे ते कशासाठी होतं हे कळत नाही ना. त्यामुळे तो प्रश्न मी जरा बाजूला ठेवते, कारण मला तुझ्या पत्रात देवळातल्या त्या पाच मिनिटांपेक्षा आधीच्या दोन गोष्टी जास्त मोठ्या वाटल्या आणि त्या तू अगदी जाता जाता लिहिल्यायस.

पहिली राजगड आणि तोरणा जोडणाऱ्या डोंगरधारेवरची. राजगडाच्या संजीवनी माचीवरून अळू दरवाज्याने उतरून ती धार ज्यांनी चाललीय त्यांना माहितीये, तोरण्याची बुधला माची सकाळपासून समोर दिसत असते आणि कितीही चाललं तरी जवळ येत नाही, वर ऊन, खाली वाळलेलं गवत आणि घसारा म्हणजे सुटी माती-खडी, बूट ठरत नाही. तिथे तू खाली बसलीस आणि म्हणालीस की तुम्ही पुढे जा, मी इथूनच कुठल्या तरी गावात उतरते. कोणी वाद घातला नाही. ज्या मुलाशी तू सकाळपासून धड बोललीही नव्हतीस त्याने तुझी सॅक उचलून पुढे छातीवर अडकवली, त्याची स्वतःची पाठीवर होतीच, आणि लीडरने तुला स्वतःच्या मागे, रांगेत दुसरी उभी केली. तू लिहितेस, 'मला लाज वाटली पण मी सॅक परत मागितली नाही.' हे वाक्य मी परत परत वाचलं बघ.

दुसरी बोराट्याच्या नाळेतली. रायलिंगच्या पठाराजवळून कोकणात उतरणारी ती घळ म्हणजे नुसता सुट्या दगडांचा खच, वरच्याचा पाय सरकला की दगड थेट खालच्याच्या अंगावर, म्हणून दगड सुटला की वरचा जिवाच्या आकांताने 'दगड!' ओरडतो आणि खालचे कडेला सरकतात. तू लिहिलंयस की मागून आवाज आला आणि तू वर न बघता कातळाला चिकटलीस, दगड बाजूने गेला. तू वर बघितलंही नाहीस गं! वरच्यावर इतका विश्वास टाकलास. ज्या मुलीने बाबा गेल्यापासून कोणावर कशाचा भार टाकला नाही, हॉस्पिटलची बिलं, वर्षश्राद्ध, आईची पेन्शनची कागदपत्रं सगळं एकटीने निस्तरलं, नवऱ्यापुढेही रडली नाही, तिने. मला वाटतं जगदीश्वरापुढे जे झालं ते इथूनच सुरू झालं होतं.

आता नवसाचं. आयसीयूच्या बाहेर बसलेलं माणूस नवस नाही बोलणार तर काय करणार, त्यात तुझं काही चुकलं नाही. पण नवसात देणंघेणं असतं आणि तुझ्या मते देवीने तिची बाजू पाळली नाही, म्हणून तू पाठ फिरवलीस. तो राग खरा आहे, तो लगेच गिळायची घाई करू नकोस. फक्त एवढं बघ की धारेवर तुझी सॅक घेणाऱ्याने तुझ्याकडून काहीही कबूल करून घेतलं नव्हतं. जगदीश्वराच्या पायरीवर 'सेवेचे ठायी तत्पर' असं कोरलेलं तू बघितलंस ना? १६७४ साली जिथे राज्याभिषेक झाला तो रायगड बांधून काढणाऱ्या हिरोजींची ती पायरी. सांगतात की महाराजांनी बक्षीस माग म्हटल्यावर त्यांनी एवढी पायरीच मागितली. तुझी श्रद्धा परत यायची असेल तर ती अशा देण्याघेण्याशिवायच्या वाटेने येईल असं मला मनापासून वाटतं, आणि तिला यायला वेळ लागला तरी चालेल.

मग तुळजापूरला जायचं का? नवस फेडायला म्हणून नको, बाबा वाचलेच नाहीत तर फेडायचं काय. पण आईसोबत म्हणून जायचं असेल तर जरूर जा. तुझ्या पूर्ण पत्रात आई फक्त ओटी भर म्हणणारी बाई म्हणून येते, तिचाही नवरा गेलाय हे कुठेच येत नाही. ती साताऱ्यात एकटी आहे आणि तिने देवीला घट्ट धरून ठेवलंय कारण बाकी धरायला काही उरलेलं नाही. येत्या रविवारी जा तिच्याकडे, ओटीचा विषय काढू नकोस, ट्रेकचे फोटो दाखव, आणि ज्या दिवशी तू हरलीस तोच दिवस तिला सांग, सॅकचं, रडण्याचं, सगळं. मग विचार की आई, बाबा गेल्यावर तू देवापुढे बसून काय बोलतेस? आणि ती बोलेल ते मधे न तोडता ऐक. दिवा तिथे ती लावेलच, तुला हात जोडावेसे वाटले तर जोड, नाही वाटले तर नुसती शेजारी बस.

नवऱ्याला एन्डॉर्फिनवरून भांडू नकोस, त्याला सांग की मला बाबांची फार आठवण येते. आणि तू लिहितेस तशी रात्र रात्र झोप लागत नाही, जेवण जात नाही हे अजून चालू असेल तर त्यावर ट्रेक हा इलाज नाही, कौन्सेलरशी बोल, सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

राहिला ट्रेकचा प्रश्न. तू ग्रुपला ओझं झालीस हे डोक्यातून काढ, चांगला लीडर सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढेच ठेवतो आणि बाकीचे त्याच्या चालीने चालतात, ही रीतच आहे, तुझ्यावर उपकार नव्हते. पण तू म्हणतेस ते पुढच्या महिन्यात नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड मात्र नको. बेलपाड्यातून कोकणकड्याच्या बाजूने चढणारी ती वाट दिवसभर दम काढते, वर रॉक पॅच म्हणजे हातपाय रोवून चढायचे कातळटप्पे आहेत, आणि तुझा गुडघा अजून सुजलेला आहे. आधी ऑर्थोपेडिकला दाखव. अंगठ्याची नखं काळी पडलीयत ती उतारावर बोटं बुटात पुढे आदळून, पुढच्या वेळी बूट थोडा मोठा घे आणि उतरताना घोट्याजवळ लेस घट्ट बांध. गुडघा बरा झाला की सिंहगड, लोहगड करत परत सुरुवात कर, त्याच ग्रुपबरोबर. त्या मुलाला अजून थॅंक्यू म्हटलं नाहीयेस असं लिहिलंयस, तो फोन आजच कर.

आईशी बोलणं झालं की मला परत लिही, तुळजापूरचं काय ठरलं तेही कळव.

तुझी,
ताई