उशीचा दोष नाही, ताई

प्रश्न : सिझेरियनला कमरेत सुई देऊन भूल दिली. दुसऱ्या दिवसापासून बसलं की डोकं ठणकतं, आडवं झालं की थांबतं. सासूबाई म्हणतात, उशी घेतलीस म्हणून.

उत्तर : उशीचा काही दोष नाही, ताई. सुईच्या छिद्रातून मणक्यातलं पाणी झिरपतं, म्हणून बसल्यावर दुखतं. १८९८ साली ही भूल रूढ करणाऱ्या जर्मनीच्या ऑगस्ट बिअर यांनी ती सहाय्यकाकडून स्वतःवर करवून पाहिली, तेव्हा त्यांचंही डोकं असंच दुखलं होतं. मी पेन्सिलीसारख्या टोकाची बारीक सुई वापरते, तरी एखादीला त्रास होतोच. बहुतेकींचा आठवडा-दोन आठवड्यांत थांबतो, पण अंगावर काढू नका. भूलतज्ज्ञांना दाखवा, फारच असेल तर तुमचंच २० मिलीच्या आसपास रक्त पाठीत टोचून गळती थांबवतात. ताप, आखडलेली मान, झटके किंवा पायात बधिरपणा असेल तर रात्रीही रुग्णालय गाठा.