तीन प्रवेशपत्रे आणि एक निर्णय

प्रश्न : मी इतिहासाची पदवीधर असून गेली तीन वर्षे विस्थापितांसाठी काम करणाऱ्या एका स्वयंसेवी संस्थेत नोकरी करते. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक यंत्रणेत किंवा तशाच एखाद्या संघटनेत काम करण्याची इच्छा आहे. आंतरराष्ट्रीय संबंधांच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी मला तीन ठिकाणी प्रवेश मिळाला आहे : वॉशिंग्टनमधील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची ‘साइस’ ही संस्था (दोन वर्षे, शिष्यवृत्ती नाही), लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स (एक वर्ष, शिष्यवृत्ती नाही) आणि जिनिव्हा ग्रॅज्युएट इन्स्टिट्यूट (शुल्कात मोठी सवलत). क्रमवारी पाहून सगळे जण ‘साइस’ घे म्हणतात. कोठेही गेले तरी कर्ज काढावे लागणार आहे. निवड कशी करावी?

उत्तर : तुम्हाला कोणते काम करायचे आहे ते तुम्ही स्पष्ट लिहिले आहे, त्यामुळे माझे काम सोपे झाले. या विषयावर येणाऱ्या बहुतेक पत्रांत संस्थांची नावे असतात, कामाचे नाव नसते. माझे मत आधीच सांगते : तुमच्या जागी मी असते तर जिनिव्हाला गेले असते. मात्र मी म्हणते म्हणून ते मान्य करू नका. मी कोणत्या गोष्टी तपासल्या ते वाचा आणि त्या स्वतः पुन्हा तपासा.

या तिन्ही संस्था नामवंत आहेत, परंतु त्यांची घडण वेगवेगळ्या गरजांतून झाली आहे आणि ती आजही अभ्यासक्रमात दिसते. ‘साइस’ची स्थापना १९४३ साली, दुसरे महायुद्ध चालू असताना, पॉल नित्से आणि ख्रिश्चन हर्टर या अमेरिकी धोरणकर्त्यांनी केली. युद्धानंतरच्या जगात अमेरिकेला लागणारी जाणकार माणसे तयार करणे हा त्यामागचा हेतू होता. तेथे अर्थशास्त्रावर असलेला भर हे त्या संस्थेचे जुने वैशिष्ट्य आहे, आणि ज्याला जागतिक बँकेत, नाणेनिधीत किंवा व्यापारधोरणात काम करायचे आहे त्याच्यासाठी ते मोठे बळ ठरते. जिनिव्हाची संस्था १९२७ सालची, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या राष्ट्रसंघाच्या (लीग ऑफ नेशन्स) काळातली. आंतरराष्ट्रीय संघटनांना लागणारे शिक्षण हेच तिचे मूळ प्रयोजन. लंडनच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमाचा पिंड मुख्यतः विद्यापीठीय आहे : सिद्धान्त, वाचन, चर्चा आणि शेवटी सुमारे १०,००० शब्दांचा प्रबंध.

या शेवटच्या मुद्द्यावर थोडे थांबते, कारण व्यावसायिक पदवी आणि विद्यापीठीय पदवी यांतला फरक माहितीपत्रकात कधीच नीट कळत नाही. मी शिकत असताना पहिल्याच आठवड्यात आम्हाला एक काम दिले होते : एका काल्पनिक मंत्र्यासाठी सीमेवरील छावणीबाबत दोन पानांचे टिपण. मी छावणीचा इतिहास दीड पान लिहिला आणि शिफारस अखेरच्या चार ओळींत दिली. प्राध्यापकांनी ते दीड पान पेन्सिलीने आडवे खोडले, त्या चार ओळींभोवती चौकट आखली आणि बाणाने ती कागदाच्या माथ्यावर नेली. इतिहास शिकलेल्या माणसाला हे फार जिव्हारी लागते, पण ज्याच्या हाती निर्णय आहे तो पहिल्या परिच्छेदापुढे वाचेलच याची खात्री नसते, हे त्या दिवशी कायमचे मनात ठसले. व्यावसायिक पदवी हे शिकवते. विद्यापीठीय पदवी त्या छावणीविषयीचे आपले गृहीत कोठून आले हे विचारायला शिकवते, आणि तेही तितकेच मोलाचे आहे. परंतु तीन वर्षे प्रत्यक्ष काम करून आलेल्या तुम्हाला आज पहिल्या प्रकारची गरज अधिक आहे, असे मला वाटते.

लंडनच्या पर्यायाची दुसरी अडचण वेळापत्रकाची आहे. वर्षभराचा अभ्यासक्रम शरद ऋतूत सुरू होतो, आणि नोकऱ्यांच्या अर्जांचा हंगामही बऱ्याच ठिकाणी तेव्हाच सुरू होतो. म्हणजे अजून एकाही विषयाचा निकाल हाती नाही, एकाही प्राध्यापकाला तुमचे नाव माहीत नाही, अशा अवस्थेत तुम्ही अर्ज करू लागता. उन्हाळा प्रबंधात जातो. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात मधला उन्हाळा इंटर्नशिपसाठी मोकळा मिळतो, आणि आमच्या क्षेत्रातली पहिली नोकरी पुष्कळदा त्या उन्हाळ्यातल्या ओळखीतून मिळते. पॅरिसमधील सियान्स पो या संस्थेच्या आंतरराष्ट्रीय विभागात तर तिसरे सत्र विद्यार्थ्याला बाहेर जाऊन काम करण्यासाठी वापरता येते. मुदतीतला हा फरक दिसायला केवळ खर्चाचा दिसतो. प्रत्यक्षात तो कामाची संधी मिळण्याचा असतो.

आता गाव. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तांचे कार्यालय १९५० साली स्थापन झाले आणि त्याचे मुख्यालय जिनिव्हातच आहे. स्थलांतरविषयक आंतरराष्ट्रीय संघटना आणि रेडक्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती यांची मुख्यालयेही तेथेच आहेत. ज्या १९५१ च्या करारावर निर्वासितांचे सारे कायदे उभे आहेत, तो करारही त्याच शहरात संमत झाला. सत्र चालू असताना आठवड्यातून दोन दिवस अशा कार्यालयात काम करता येणे आणि त्यासाठी सुटीची वाट पाहत राहावे लागणे, यांत फार अंतर आहे. वॉशिंग्टनचे वजन मी कमी लेखत नाही, परंतु तेथील परराष्ट्र खात्याच्या सेवेची दारे अमेरिकी नागरिकांनाच खुली आहेत. म्हणून परदेशी विद्यार्थ्याने संस्थेच्या पदवीधरांच्या रोजगाराचा अहवाल वाचताना, त्यातल्या सरकारी नोकऱ्या आपल्या हिशेबातून आधी वजा कराव्यात आणि उरलेल्या नोकऱ्यांत परदेशी विद्यार्थी किती होते हे प्रवेश कार्यालयाला लेखी विचारावे. किती पदवीधरांनी मुळात माहितीच दिली नाही, हेही विचारावे. टक्केवारी छान दिसण्याचे कारण कधी कधी तेवढेच असते.

जिनिव्हाची एक अट मात्र गंभीरपणे घ्या. संस्थेत इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषा चालतात, गावात फ्रेंच चालते, आणि मानवतावादी क्षेत्रात फ्रेंच येणाऱ्याला पश्चिम व मध्य आफ्रिकेतील मोहिमांत सहज स्थान मिळते. तुम्ही फ्रेंचचा उल्लेख केलेला नाही. येत नसेल तर प्रवेशाला होकार कळवाल त्याच आठवड्यात शिकवणी सुरू करा.

कर्जाविषयी मला सर्वांत कळकळीने लिहायचे आहे. कर्ज तुमच्या वतीने एक निर्णय पुढे केव्हातरी घेते. मानवतावादी संघटनांतली सुरुवात बहुधा अल्प मुदतीच्या कंत्राटांनी होते, आणि संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातील इंटर्नशिप विनावेतन असते. वॉशिंग्टनची दोन वर्षे पूर्ण कर्जावर केलीत, तर पहिला हप्ता सुरू होईल तेव्हा तुमच्यासमोर सहा महिन्यांचे कंत्राट आणि एखाद्या सल्लागार कंपनीची पक्की नोकरी असे दोन कागद असतील, आणि कोणत्या कागदावर सही करायची ते हप्ता ठरवील. निर्वासितांसाठी काम करण्याच्या इच्छेने गेलेली गुणी माणसे अशा रीतीने दुसरीकडे वळलेली मी पाहिली आहेत; त्यांचा दोष नव्हता. म्हणून एका कागदावर तिन्ही ठिकाणांचे शुल्क, राहण्याचा खर्च, विमा आणि प्रवास मांडा, त्यातून मासिक हप्ता काढा, आणि तो तुम्हाला हव्या असलेल्या पहिल्या नोकरीच्या पगाराशेजारी लिहा. जिनिव्हाचे शुल्क अमेरिकेच्या मानाने पुष्कळ कमी असले तरी तेथे राहणे महाग आहे, तेव्हा केवळ सवलतीच्या आकड्यावर विसंबू नका.

हा हिशेब हाती आल्यावर ‘साइस’ला एक सभ्य पत्र जरूर लिहा. दुसऱ्या संस्थेने सवलत दिली आहे, तुमच्याकडे येण्याची इच्छा आहे, शिष्यवृत्तीचा फेरविचार होऊ शकेल का, एवढेच त्यात असावे. अमेरिकी संस्थांना अशी पत्रे नित्याची असतात आणि काही वेळा रक्कम खरोखर वाढते. ती इतकी वाढली की हप्ता अर्ध्यावर आला, तर माझे मतही बदलेल.

आणखी एक गोष्ट या आठवड्यातच करा. तिन्ही ठिकाणचे चालू वर्षाचे प्रत्यक्ष वेळापत्रक मिळवा. विषयांची सर्वसाधारण यादी पुरेशी नाही, कारण यादीतले कितीतरी विषय त्या वर्षी शिकवलेच जात नाहीत. त्यातून तुमच्या दुसऱ्या सत्राचे सोमवार ते शुक्रवारचे वेळापत्रक लिहून काढा. जेथे निर्वासितांचा कायदा, संख्याशास्त्र आणि एखादा प्रदेश असे तिन्ही विषय न अडखळता बसतील, तेथे तुमचा काळ चांगला जाईल.

प्रश्न : मी यंदाच पदवी घेतली. कामाचा काहीच अनुभव नाही. लगेच अशा अभ्यासक्रमाला जावे का?

उत्तर : व्यावसायिक अभ्यासक्रमाला जाणार असाल तर दोन वर्षे थांबावे, असे मी सांगेन. वर्गातली निम्मी चर्चा सहाध्यायांच्या कामाच्या अनुभवावर चालते, आणि शिष्यवृत्ती देतानाही त्याचा विचार होतो. प्रिन्स्टनसारखी संस्था आपल्या सार्वजनिक धोरणाच्या दोन वर्षांच्या पदवीसाठी निवडलेल्या जवळजवळ सर्वांचे शुल्क स्वतः भरते, पण तेथे जागा थोड्या असतात आणि अनुभवी अर्जदारांचे पारडे साहजिकच जड राहते. पुढे पीएचडी करण्याचा विचार असेल तर मात्र थांबण्याचे कारण नाही; तेव्हा ऑक्सफर्डच्या दोन वर्षांच्या एमफिलसारखा संशोधनाभिमुख अभ्यासक्रम पाहावा. संयुक्त राष्ट्रांची तरुण अधिकाऱ्यांसाठीची भरती परीक्षा पदवीवरही देता येते. तिला ३२ वर्षांची वयोमर्यादा असते आणि सहभागी देशांची यादी दरवर्षी बदलते, म्हणून आपला देश त्या यादीत आहे का हे दरवर्षी पाहत जा.